लेकराची भूल आणि लेकराचा श्वास

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

"मॅडम, सुई टोचता का नुसतं हुंगवता जी?"

मागच्या हिवाळ्यात फुलसावंगीला काही पालकांशी बोलायला गेले होते, तेव्हा एका आजींनी पहिलाच प्रश्न हा विचारला. त्यांच्या दीड वर्षाच्या नातवाची टाळू जन्मतः फाटलेली आहे, ती शिवायची आहे. ऑपरेशनची त्यांना फारशी भीती नव्हती. भीती होती ती सुईची आणि त्याहून जास्त 'बेहोशी'ची. आपल्या भागात भूल हा शब्द कमी, बेहोशी हाच जास्त चालतो. भूलतज्ज्ञ म्हणजे बेहोशीचा डॉक्टर. मला त्यात वावगं काही वाटत नाही. 'भूल' या शब्दाचा दुसरा अर्थ आठवून निदान कुणी दचकत तरी नाही.

फुलसावंगी हे महागाव तालुक्यातलं मोठं गाव. भोवती कापूस, सोयाबीन आणि बंजाऱ्यांचे तांडे. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी होऊ लागली. 'मोठा झाला की जाईल' म्हणून पूर्वी घरातच राहणारं दुखणं आता कागदावर येतं. हर्निया, टॉन्सिल, फाटलेली टाळू, जागेवर न उतरलेलं वृषण. मग ऑपरेशनची तारीख मिळते. यवतमाळ, नाहीतर नागपूर, नाहीतर वर्ध्याजवळची सावंगी. तारीख मिळाली की घरात दोनच विषय असतात, मजुरी किती दिवस बुडेल आणि लेकराला बेहोशी सोसेल का.

आजींचा प्रश्न साधा होता, पण जगभरचे भूलतज्ज्ञ त्यावर गेली कित्येक वर्षं वाद घालत आले आहेत. मुलाला झोपवायचे मुख्य मार्ग दोन. एक, नाकातोंडावर मास्क धरून औषधी वायू हुंगवायचा. दोन, हाताच्या शिरेत सलाईनची बारीक नळी बसवून त्यातून औषध द्यायचं. बहुतेक घरांना पहिला मार्ग मायेचा वाटतो. टोचणं नाही, रक्त नाही, रडणं कमी. खरं सांगायचं तर आम्हा डॉक्टरांनाही तो बराच काळ तसाच वाटत होता. लहान मुलांची भूल म्हटली की मास्क, अशी रीतच पडून गेली होती. पण या दोन मार्गांचा मुलाच्या श्वासावर होणारा परिणाम सारखा नाही. ज्या मुलाची छाती आधीच नाजूक आहे, त्याच्या बाबतीत तर हा फरक चांगलाच मोठा आहे.

तो समजायला आधी लहान मुलाची छाती कशी असते ते पाहू. मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे. तान्ह्या बाळाच्या फासळ्या मऊ असतात आणि आडव्या असतात. आपल्या फासळ्या श्वास घेताना बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात, बाळाला ती सोय नाही. त्याचा सगळा भार पोटाच्या आणि छातीच्या मधल्या पडद्यावर. श्वासनळी बारीक, आणि बारीक नळीचा हिशेब फार निर्दयी असतो. चार मिलिमीटरच्या नळीला आतून सगळीकडं एक मिलिमीटर सूज आली, की नळी उरते दोन मिलिमीटरची. रुंदी निम्मी झाली म्हणून हवेला होणारा अडथळा दुप्पट होतो असं आपल्याला वाटेल. तो दुप्पट नाही, सोळापट होतो. मोठ्या माणसाला नुसतं नाक चोंदल्यासारखं वाटावं, एवढ्याच सुजेनं बाळ धापा टाकायला लागतं ते यामुळं.

दुसरी गोष्ट प्राणवायूच्या साठ्याची. आपण श्वास सोडतो तेव्हा फुप्फुसं पूर्ण रिकामी होत नाहीत, बरीचशी हवा आत शिल्लक राहते. घरात दोन दिवसांचं पीठ डब्यात असावं तसं. पाण्यात बुडी मारली तरी काही वेळ आपण तग धरतो तो या शिलकीवर. लहान मुलाचा हा डबा मुळातच छोटा, आणि वजनाच्या मानानं त्याचा प्राणवायूचा खर्च मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट. शुद्ध प्राणवायू भरपूर देऊन ठेवला आणि मग श्वास थांबला, तर धडधाकट मोठा माणूस सहा-आठ मिनिटं निभावतो. तान्ह्या बाळाला मिळतात जेमतेम दीड-दोन मिनिटं. आणि भूल कोणतीही असो, ती दिली की स्नायू सैल पडतात, छाती थोडी आत बसते आणि डब्यातलं पीठ आणखी कमी होतं. म्हणजे ज्याला वेळ सगळ्यात कमी, त्याचाच वेळ आपण भूल देऊन आणखी कमी करतो. मुलांच्या भुलेतली सगळी सावधगिरी या एका गोष्टीभोवती फिरते.

आता हुंगवण्याकडं येऊ.

जागं असणं आणि गाढ बेहोशी यांच्या मध्ये एक विचित्र टापू लागतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात आर्थर ग्युडेल या अमेरिकन डॉक्टरांनी ईथरच्या बेहोशीच्या चार पायऱ्या सांगितल्या. त्यातली दुसरी पायरी ती हीच. माणूस बेशुद्ध असतो, पण शरीर बावरलेलं असतं. हातपाय झाडतो, श्वास वेडावाकडा चालतो, मधेच थांबतो. आणि या पायरीवर घशातला पहारेकरी सगळ्यात तापट असतो. पहारेकरी म्हणजे स्वरयंत्र. त्याचं खरं काम बोलण्याचं नाही, अन्नपाणी श्वासनळीत जाऊ न देण्याचं आहे. आपल्याला ठसका लागतो तो याच पहारेकऱ्यामुळं. शुद्धीत असताना तो ठसका देऊन मोकळा होतो. पण त्या मधल्या टापूत त्याला लाळेचा एक थेंब लागला, शेंबडाचा एक धागा लागला, तर तो दार घट्ट बंद करून बसतो आणि उघडायचं विसरतो. छाती खालून ओढ घेत असते, पोट उडत असतं आणि हवा आत जात नाही. याला आम्ही घसा आवळणं म्हणतो. तयारी असली तर ते बहुतेक वेळा काही क्षणांत सोडवता येतं. मास्क घट्ट धरून दाबानं प्राणवायू देतात, शिरेतून औषध देतात. पण शिरेतून द्यायला शिरेत नळी हवी ना! हुंगवून झोपवलेल्या मुलाला बऱ्याचदा त्या वेळी नळी लावलेलीच नसते. मूल झोपलं की लावू, असा बेत असतो.

मास्कनं भूल देताना मूल हा टापू सावकाश पार करतं. प्रत्येक श्वासागणिक थोडं थोडं औषध आत जातं. श्वास अडला की औषध जाणंही अडतं, आणि मूल नेमकं त्या धोक्याच्या पायरीवर ताटकळतं. शिरेतून औषध दिलं की तो टापू काही सेकंदांत मागं पडतो. शिवाय आज सर्वाधिक वापरलं जाणारं शिरेतलं औषध, प्रोपोफॉल, घशाच्या पहारेकऱ्यालाही चांगलंच शांत करतं. दुधासारखं पांढरं असतं ते. मुलांना आम्ही सांगतो, बघ, हाताला दूध पाजतोय.

श्वास आधी बघायचा, हा धडा तसा जुना आहे, आणि तो आपल्या अगदी शेजारी गिरवला गेला. पैनगंगेच्या पलीकडं तेव्हा निजामाचं राज्य होतं. हैदराबादला एडवर्ड लॉरी नावाचे शल्यचिकित्सक होते. क्लोरोफॉर्मनं माणूस दगावतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, यावर तेव्हा विलायतेत मोठं भांडण चाललं होतं. लॉरीसाहेबांचं म्हणणं, नाडी काय बघता, श्वास बघा. निजामानं खर्च सोसला आणि १८८८ व १८८९ साली हैदराबादेत क्लोरोफॉर्मचे दोन आयोग बसले. निकाल लॉरींच्या बाजूनं लागला. पुढं १९११ च्या सुमारास सिद्ध झालं, की अर्धवट भुलेत क्लोरोफॉर्म हृदयही एकाएकी बंद पाडू शकतं, म्हणजे हृदयाबाबत लॉरी चुकले होते. पण श्वासावर नजर ठेवा हा त्यांचा सल्ला चुकला नाही. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी नावाच्या पारशी डॉक्टर क्लोरोफॉर्म देण्याचं काम करत. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतात. आमच्या शाखेतल्या बायकांना याचा थोडा अभिमान आहे, तो असू द्यावा.

क्लोरोफॉर्म गेलं, ईथर गेलं. ईथरचा वास इतका उग्र, की मुलं श्वासच रोखून धरत. १९५६ पासून हॅलोथेन वापरात आलं, तेव्हा भूलतज्ज्ञांनी सुटकेचा नि:श्वास सोडला. १९९० साली जपानमध्ये सेव्होफ्लुरेन वापरात आलं आणि मास्कची भूल आणखी सोपी झाली. वास सौम्य, घशाला झोंबत नाही, मूल एक-दोन मिनिटांत झोपतं. इतकंच नव्हे, सेव्होफ्लुरेननं श्वासनळ्या थोड्या सैलच होतात. मग दम्याच्या मुलाला ते उलट चांगलंच नाही का? असंच सगळ्यांना वाटत होतं. पण खोलवरच्या नळ्या सैल होऊन उपयोग काय, जर वरचं दारच बंद झालं?

वाटणं आणि मोजणं यात फरक असतो. हे मोजण्याचं मोठं काम झालं ते ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात. तिथल्या मुलांच्या रुग्णालयात ब्रिटा फॉन उंगर्न-स्टर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी ९,२९७ मुलांची नोंद ठेवली. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये ते आकडे आले. १०० पैकी १५ मुलांना भुलेच्या आगेमागे श्वासाचा काही ना काही त्रास झाला होता. कुणाला? ज्यांना सर्दी चालू होती किंवा गेल्या दोन आठवड्यांत होऊन गेली होती. ज्यांना रात्री कोरडा खोकला येतो, खेळल्यावर छातीत शिट्टी वाजते, अंगावर इसब आहे. ज्यांच्या घरात दमा आहे. आणि ज्यांच्या घरातली मोठी माणसं धूम्रपान करतात. शिरेतून भूल दिलेल्या मुलांना त्रास कमी झाल्याचंही त्या नोंदींत दिसलं. पण नुसत्या नोंदींवरून निकाल देता येत नाही. कदाचित डॉक्टर धडधाकट मुलांनाच सुई लावत असतील, कुणी सांगावं?

म्हणून मग त्यांनी सरळ चाचणी घेतली. आठ वर्षांपर्यंतची, आणि वर सांगितलेल्यापैकी निदान दोन धोके असलेली मुलं निवडली. कुणाला मास्क आणि कुणाला सुई, हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. प्रत्येक गटात १४९ मुलं. २०१८ साली निकाल छापून आला. सेव्होफ्लुरेन हुंगवलेल्यांपैकी ६४ मुलांना श्वासाचा त्रास झाला, शिरेतून प्रोपोफॉल दिलेल्यांपैकी ३९ जणांना. टक्केवारीत ४३ आणि २६. नुसता झोपवण्याचा काळ मोजला तर फरक आणखी ठळक, ४७ विरुद्ध १६. म्हणजे जवळजवळ तिप्पट.

आता यावरून कुणी घाबरून जाऊ नये. या त्रासात साधा खोकलाही मोजला आहे, प्राणवायू थोडा वेळ उतरणंही मोजलं आहे. ही मुलं मुद्दाम धोक्याची निवडलेली होती आणि चाचणी एकाच रुग्णालयातली होती. युरोपातल्या ३३ देशांतल्या २६१ रुग्णालयांत मुलांच्या ३१ हजारांवर भुलांची पाहणी झाली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यात श्वासाचा गंभीर प्रसंग १०० मध्ये सुमारे तीन वेळा आला. ही संख्या लहान आहे, पण ती शून्य नाही, आणि त्या तिघांत आपलं लेकरू नसावं असंच प्रत्येकाला वाटणार.

म्हणून फुलसावंगीच्या आजींना मी म्हटलं, तुमच्या नातवाला भूल देणारी मी असते तर शक्यतो सुईच लावली असती. फाटलेल्या टाळूच्या मुलाचं नाक बाराही महिने वाहतं, कारण दूध टाळूतून नाकात चढतं. त्याची सर्दी पूर्ण जाईपर्यंत थांबायचं ठरवलं तर टाळू कधीच शिवून होणार नाही, आणि उशीर झाला की बोलणं बिघडतं. अशा मुलाचा धोका सर्दी टाळून कमी करता येत नाही, तो भूल देण्याच्या पद्धतीतून कमी करावा लागतो. 'शक्यतो' म्हटलं त्यालाही कारण आहे. टाळूच्या काही मुलांचा जबडा फार लहान असतो आणि मास्कनं हवा देणंच अवघड जातं. तिथं त्याचा स्वतःचा श्वास न थांबवता झोपवावं लागतं. तो निर्णय मुलाला समोर बघूनच होतो.

मास्कची भूल वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. मूल ठणठणीत असेल, शीर सापडत नसेल, सुई बघून ते आकांत करत असेल, तर मास्क हाच मार्ग बरा. रडून रडून घशात लाळ साचलेलं मूल शिरेतूनही सुखानं झोपत नाही. आणि एक प्रसंग आपल्याकडं नेहमीचा आहे. शेंगदाणा, हरभरा, चिंचोका, सीताफळाची बी खेळता खेळता श्वासनळीत जाते. ती काढायला भूल लागते, आणि बी अडकलेली असताना मुलाचा स्वतःचा श्वास चालू राहावा असं बऱ्याच भूलतज्ज्ञांना वाटतं. तिथं मास्कचा सावकाशपणाच कामाला येतो.

सुईचं दुखणं मात्र कमी करता येतं, हे पालकांना फारसं कुणी सांगत नाही. कातडी बधिर करणारं मलम मिळतं. हाताच्या पाठीवर लावून वरून पट्टी बांधायची आणि तासभर थांबायचं. मग टोचलेलं फारसं कळत नाही. प्रोपोफॉल शिरेत जाताना झोंबतं, पण आधी बधिर करणारं औषध दिलं की तेही सुसह्य होतं. तासभर आधी मलम लावायला वॉर्डात कुणाला तरी आठवण राहिली पाहिजे, अडचण एवढीच. पालकांनी विचारलं तर आठवण राहते.

झोपवून झालं की फुप्फुसांचं काम संपलं, असंही नाही. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात भूल दिलेल्या माणसांचे छातीचे सीटी स्कॅन काढले, तेव्हा पाठीकडच्या भागात फुप्फुसाचे पट्टेच्या पट्टे मिटलेले दिसले. फुगे चिकटावेत तसे. लहान मुलांत हे जास्त होतं. याला एक कारण शुद्ध प्राणवायू! हवेत नायट्रोजन असतो, तो रक्तात फारसा शोषला जात नाही आणि फुगा उघडा ठेवतो. निव्वळ प्राणवायू भरला की तो सगळा शोषला जातो आणि फुगा मिटतो. म्हणून आम्ही झोपवताना प्राणवायू भरपूर देतो, मग तो बेतानं कमी करतो, आणि श्वास सोडतानाही थोडा दाब ठेवून फुगे मिटू देत नाही. ऑपरेशननंतर मूल मोठ्यानं रडलं की आईचा जीव कासावीस होतो. मला मात्र ते ऐकून बरं वाटतं, कारण प्रत्येक रडण्याबरोबर मिटलेले फुगे उघडत असतात.

या बाबतीत एक जुनं औषध उजवं ठरलं. केटामाइन. १९७० पासून ते माणसांसाठी वापरात आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते शिरेतून देता येतं, शीर न मिळाल्यास दंडात किंवा मांडीतही देता येतं. मूल स्वतः श्वास घेत राहतं, श्वासनळ्या सैल होतात आणि फुप्फुसं इतर औषधांइतकी मिटत नाहीत. जिथं मोठं यंत्र नाही तिथं या औषधानं किती जीव तारले याची मोजदाद नाही. खोट एकच, लाळ फार सुटते, आणि लाळ म्हणजे पुन्हा तो पहारेकरी. शिवाय जागं होताना मुलं कधी कधी घाबरून बडबडतात. मला विचाराल तर शहरातल्या डॉक्टरांनी केटामाइनला 'खेड्यातलं औषध' म्हणून नाक मुरडणं बंद करावं.

आता सर्वांत अवघड विषय, सर्दी लपवण्याचा. फुलसावंगीच्या बैठकीत एक वडील मोकळेपणानं म्हणाले, "मॅडम, सर्दी सांगितली त डॉक्टर परत पाठवते. दोघांची दोन दिवसाची मजुरी, गाडीभाडं, अन तारीख पुन्हा कधी भेटन?" त्यांचं चूक नाही. सोयाबीन काढणीत किंवा कापूस वेचणीत दोन दिवस म्हणजे काय, हे रुग्णालयातल्या तारखांच्या वहीला कळत नाही. म्हणून आई लेकराचं नाक पुसून आत आणते आणि 'काही नाही जी, बरा आहे' म्हणते. पण मग मला वाटतं हे ठणठणीत मूल आहे. मी मास्क धरते. आणि तो मधला टापू येतो.

खरी सर्दी सांगितली तर प्रत्येक वेळी परत पाठवतात, असंही नाही. नाकातून पाण्यासारखं वाहतंय, ताप नाही, मूल खेळतंय, खातंय, तर बहुतेक वेळा आम्ही पुढं जातो. फक्त पद्धत बदलतो. सुई लावतो, शक्य तिथं घशात नळी घालणं टाळतो, आणि गरज वाटल्यास आधी सालब्युटामॉलचा पंप देतो. या पंपाचीही पर्थला चाचणी झाली आहे. टॉन्सिलच्या लहान मुलांना ऑपरेशनआधी तो दिला, तर त्रास झालेल्यांचं प्रमाण १०० पैकी ४८ वरून २८ वर आलं. हे २०१९ साली छापलं गेलं. औषध काही रुपयांचं आहे. ताप, छातीत भरलेला ओला खोकला, हिरवट-पिवळा शेंबूड, घरघर किंवा मलूल पडलेलं मूल असेल, आणि ऑपरेशन तातडीचं नसेल, तर मात्र निदान दोन आठवडे थांबणंच बरं. तेव्हा हट्ट करू नये.

चुलीचा धूर आणि बिडीचा धूर यांचंही तसंच. 'घरात कोण बिडी ओढतं?' असं विचारलं की आजोबा दुसरीकडं बघतात. आम्ही ते रागवायला विचारत नाही. उत्तर होकारार्थी आलं की आमची तयारी वेगळी असते, एवढंच. उपाशी ठेवण्याचंही खरं सांगावं. दूध, बिस्कीट, भात सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. लेकरू रडतं म्हणून आजीनं पदराआडून दिलेलं एक बिस्कीट उलटीवाटे श्वासनळीत उतरलं, तर सुई की मास्क हा सगळा विचार वाया जातो. आणि उलट, पाणीसुद्धा रात्रीपासून बंद करून लेकराला सुकवू नये. त्यानं शीर सापडत नाही.

फुलसावंगीहून पहाटे निघण्याआधी, आदल्या दिवशीच रुग्णालयात फोन करावा. केसपेपरवर नंबर असतो, नसेल तर आधीच्या भेटीत मागून घ्यावा. मुलाला ताप आहे का, खोकला कोरडा की ओला, सर्दी कधीपासून, रात्री छाती वाजते का, घरात कुणाला दमा आहे का, एवढं सांगितलं की यायचं की थांबायचं हे फोनवरच ठरतं आणि गाडीभाडं वाचतं. यायचं ठरलं तर जुने कागद सोबत आणावेत. आधी कधी भूल दिली असेल आणि तेव्हा त्रास झाला असेल तर तेही विसरू नये. मुलाचा दम्याचा पंप असेल तर तो घरी फळीवर ठेवून येऊ नका, पिशवीत घाला, आणि डॉक्टरांनी दुसरं काही सांगितलं नसेल तर त्या सकाळचा पंपही नेहमीसारखाच द्या.